मुलाबाळांचं घर, परसबाग आणि काटकसर : तुमचे अनुभव लिहा

जून उजाडला की वह्यापुस्तकं, दप्तर, रेनकोट, रिक्षाकाकांचे पैसे सगळं एकदम अंगावर येतं. अशा वेळी मुलांच्या ताटात काही कमी पडू न देता घर कसं चालवता, ते लिहाल का? ऐकीव युक्त्या नकोत, घरात रोज होतं तेच लिहा. सुरुवात मी करते.

नाशिक
घरात कमावणारा एक आणि खाणारी पाच तोंडं. माझा सगळा भर भाजीवर. दोडका आणला की आधी त्याच्या शिरा काढायच्या, बारीक चिरायच्या आणि चमचाभर तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. मग त्यात तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ. हे सगळं चांगलं खमंग झालं की कढई खाली. मुलं दोडक्याच्या भाजीला नाक मुरडतात, पण ही चटणी गरम भाकरीवर घेऊन पुन्हा मागतात. दुधीच्या सालींचंही असंच. मुळ्याचा पाला पीठ पेरून. रात्रीच्या पोळ्या उरल्या तर सकाळी कुस्करा, वरून दाणे आणि लिंबू. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट अभिमान वाटतो.

डोंबिवली
आमची बाग म्हणजे खिडकीची ग्रिल. बियाणं विकत आणत नाही. किराण्यातले धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या आणि पेरायच्या, मेथीदाणे रात्रभर भिजवून. मेथी महिन्याभरात खुडायला येते. पुदिन्याची पानं काढली की काड्या कुंडीत खोचायच्या. मातीची पोती विकत घ्यायला माझा ठाम विरोध आहे, बागेचा सगळा खर्च तिथेच होतो. रसवंतीवाल्याकडचं उसाचं चिपाड, सोसायटीतला पालापाचोळा आणि घरचा ओला कचरा थरावर थर देऊन कुजवला की कुंडी भरते, माती थोडीशीच लागते. मावा पडला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. फवारा संध्याकाळीच मारा, भर उन्हात पानं करपतात. कुंडीला पाणी घालायचं काम धाकट्याचं, त्यात कुणी हात घातलेला त्याला चालत नाही.

बार्शीजवळचं एक गाव
माझ्या सासूबाई 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जात होत्या. तिथे मिळालेली सुकडी, म्हणजे मजुरांना वाटायचे तो पौष्टिक खाऊ, आणि रेशनची लाल मिलो ज्वारी यावर घर जगलं. त्यामुळे ताटात अन्न टाकलेलं त्यांना बघवत नाही, आणि नातवंडांनाही ते न सांगता कळलंय. भांडी विसळलेलं, तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी अळू आणि केळीला जातं, सोड्या-साबणाचं वेगळं काढतो. शेवगा लावायला रोपसुद्धा लागत नाही, मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर खोचली की फुटते. शेंगा तर सगळेच खातात. कोवळा पाला थालीपिठात घाला, फुलांची भाजी करा. वर्षाची ज्वारी-गहू उन्हाळ्यात कडक ऊन देऊन भरतो, वाळलेला कडुनिंबाचा पाला मध्ये घालून. तूरडाळीला एरंडेलाचा हात.

पुणे
नाशिकच्या ताई, शिरांची चटणी आमच्याकडेही होते! मी बाबा म्हणून एकच लिहितो. काटकसर मुलांपासून लपवू नका. किराण्याची यादी आमची मुलगी लिहिते, भाव तिला पाठ आहेत. बाहेरची मिसळ परवडत नाही हे तिला आडून आडून सांगण्यापेक्षा गुरुवारी रात्री दोघं मिळून मटकी भिजवतो. शुक्रवारी ती फडक्यात बांधते. शनिवारी सकाळी उठल्या उठल्या गाठोडं सोडून मोड किती आले ते बघायची तिला घाई असते. पण दूध, फळं आणि गोष्टीची पुस्तकं यांत हात आखडता घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कपडे मात्र मोठ्या भावंडांचे धाकट्यांना खुशाल घाला.

रत्नागिरी
आमच्याकडे मे महिना हाच बेगमीचा. फणस खाऊन झाले की आठळ्या धुऊन सुकवायच्या आणि मातीत पुरून ठेवायच्या, पावसाळाभर पुरतात. मिठाच्या पाण्यात उकडून खा, चुलीत भाजून खा, नाहीतर अळूच्या फदफद्यात टाका. रातांब्याची आमसुलं, साठं, फणसाचे पापड, सगळ्यांत मुलांचा हात असतो. पापड थापायला बसलेली मुलं अर्धं पीठ कच्चंच खातात, तेवढं धरूनच मी पीठ घेते. बार्शीच्या ताई, आमच्या पावसात धान्याला पोरकिडे फार लागतात. भर पावसात डबा उघडावा लागला तर तुम्ही काय करता, जरूर लिहा.