‘हे घरून यावं लागतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शिकवणारी: काल इथे एकांनी लिहिलं, ‘पोरांकडे पदव्या आहेत, पण वेळेवर येणं, नीट बोलणं, हातातलं काम पुरं करणं जमत नाही. हे घरून यावं लागतं, शिकवून येत नाही.’ डोकं फिरलं वाचून. नोकरी शोधणाऱ्यांना मी हेच शिकवते. आजारी पडलेला मुलगा कळवत नाही, तेव्हा तो बेफिकीर असतोच असं नाही. फोन कुणाला करायचा, काय बोलायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ओरडा बसेल म्हणून तो फोन बंद करून बसतो. आम्ही त्याच्याकडून सरावासाठी म्हणवून घेतो: आज येऊ शकत नाही, कारण हे, अर्धं काम इथे ठेवलंय, उद्याचं संध्याकाळपर्यंत कळवतो. एवढ्यावर नोकऱ्या टिकल्यात. चिकाटी, स्वतःवर ताबा या गोष्टी घडवता येतात, हे २००० सालचे नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन वर्षानुवर्षं मांडत आलेत.

पाळीप्रमुख: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. पाळी संपली तसा एक मुलगा चालता झाला. मशीनचं सेटिंग बदललंय, हे पुढच्याला सांगितलं नाही. सगळा माल बाद, बोलणी मला. मी उत्पादन काढू की शाळा घेऊ?

रात्रपाळी: पाळी देता-घेताना लिहायची वही होती का तुमच्याकडे? आणि वक्तशीरपणा आम्हालाच का शिकवता? उद्याची पाळी आदल्या रात्री मोबाइलवर बदलून टाकता!

पाळीप्रमुख: ऑर्डर आयत्या वेळी बदलते. हौस नाही मला.

रात्रपाळी: मग माझं बाळ आयत्या वेळी कुणाकडे ठेवायचं? सांभाळणारी संध्याकाळीच निघून गेलेली असते. मी ‘नाही जमणार’ म्हटलं, लगेच शेरा पडला: जबाबदारीची जाणीव नाही. पुढे मला काढलं. वेळापत्रक तुमचं कोलमडतं, कौशल्य कमी मात्र आमचं!

शिकवणारी: हे शंभर टक्के खरं. वेळापत्रक आधी देणं हेही मूलभूत कौशल्यच आहे, वरिष्ठांचं.

पाळीप्रमुख: झालं, सगळं खापर माझ्यावर.

अर्जदार: तुमचं टिकवण्यावरून भांडण चाललंय, आम्हाला आधी नोकरी मिळू तर द्या! समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं की त्यांनी अभ्यासलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना नोकरी ओळखीतून मिळाली. २००४ च्या एका अमेरिकी प्रयोगात सारख्याच बायोडेटावर गोऱ्यांची वाटणारी नावं घातली, तर कृष्णवर्णीयांच्या नावांपेक्षा सुमारे दीडपट बोलावणी आली. मुलाखतीचे धडे घेऊन थकलोय मी. बोलावणंच येत नाही.

शिकवणारी: नावावरून होणाऱ्या भेदभावावर माझ्या वर्गात औषध नाही, हे मान्य. पण ग्रॅनोव्हेटरचं अर्धंच सांगितलंत. त्यातल्या बहुतेक ओळखी जवळच्या नव्हत्या, अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांच्या होत्या. जुन्या सहकाऱ्याला ‘तुमच्याकडे जागा आहे का’ असं संकोच न बाळगता विचारणं, हे आम्ही शिकवतो.

अर्जदार: विचारून बघतो. पण भेदभावाचा मुद्दा मी सोडलेला नाही.

पाळीप्रमुख: वही ठेवतो उद्यापासून. पण लिहिलं नाही तर ऐकून घेणार नाही.

रात्रपाळी: आणि पाळीचं काय? आठवडाभर आधी सांगणार?

पाळीप्रमुख: दोन दिवस आधी. त्यापुढे माझ्या हातात नाही.