मदत हवी आहे: पालिकेसोबतच्या विद्यार्थी प्रकल्पात घराघरांतून गोळा केलेली माहिती कुणाकडे द्यावी?

नमस्कार मंडळी,

मी नगरनियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आमचा स्टुडिओ, म्हणजे प्रत्यक्ष प्रकल्प करून शिकण्याचा विषय, थेट पालिकेच्या नियोजन विभागासोबत आहे. नाल्याकाठची एक जुनी, दाट वस्ती आणि तिला लागून असलेली मोकळी जमीन, दोन्हींचा मिळून स्थानिक आराखडा करायचा आहे. मूळ नकाशे पालिका देणार. सर्वेक्षण, रहिवाशांच्या बैठका आणि सत्राअखेरचा अहवाल आमच्याकडे. विभागातले अधिकारी मनापासून वेळ देतात, हे आधीच सांगते. त्यांच्याविषयी तक्रार नाही.

अडचण करारातल्या एका कलमाची आहे. ‘प्रकल्पात गोळा झालेली सर्व माहिती पालिकेकडे सुपूर्द केली जाईल’, एवढंच ते कलम. वाचताना साधं वाटतं. पण आमच्या प्रश्नावलीत घर क्रमांक, मजले, कुटुंबं किती, मालक की भाडेकरू, घरात काही धंदा चालतो का, हे सगळं आहे. पाणी, शौचालयं, दिवे कुठे कमी पडतात हे काढायला ते लागतंच. आणि नेमकी हीच यादी उद्या वाढीव बांधकामांना नोटिसा काढायलाही पुरेशी आहे.

मागच्या बैठकीत आम्ही मोठा नकाशा जमिनीवर अंथरला आणि लोकांच्या हातात स्केचपेनं दिली. बघता बघता नकाशा भरला. पाणी कुठे तुंबतं, कोणत्या बोळात रात्री अंधार असतो, कचरागाडी कुठपर्यंत येते, सगळं. नकाशात ‘रिकामी जागा’ लिहिलेल्या चौकोनावर एका आजींनी बोट ठेवलं. म्हणाल्या, “ही कुठे रिकामी आहे? संध्याकाळी आमची पोरं इथंच अभ्यासाला बसतात, घरात जागा नाही म्हणून.” त्यावर हिरवी खूण केली आणि मग मला विचारलं, “हा कागद आता कुणाकडे जाणार गं?”

विचारून सांगते म्हटलं आहे. पुढच्या बैठकीआधी मला त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे. करार झाल्यावर असं कलम बदलून मिळतं का? विभागाला न दुखावता विषय कसा काढायचा? आणि सत्र संपून आम्ही पांगलो की ही माहिती सांभाळायची कुणी? अशा प्रकल्पात काम केलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं पालिकेच्या बाजूने असे प्रकल्प पाहिले आहेत. कलम बदलून मिळतं. पूर्ण करार उघडायची गरज नसते, दोन्ही बाजूंच्या सह्यांचं पुरवणी पत्र पुरतं. फक्त ते पुढचं सर्वेक्षण सुरू व्हायच्या आत करा.

विभागाला नेमकं काय लागतं ते समोर बसून विचारा. नळजोडण्या, दिवे, शौचालयं यांचा हिशेब गल्लीनिहाय आकड्यांवर व्यवस्थित होतो, घरनिहाय यादी त्यासाठी लागत नाही. तेव्हा ‘सर्व माहिती’च्या जागी ‘गल्लीनिहाय एकत्रित तक्ते, नकाशे व अहवाल’ असं लिहून घ्या. एखाद्या गल्लीत चार-पाचच घरं असतील तर ती शेजारच्या गल्लीत मिळवा, नाहीतर आकड्यावरूनही घर ओळखू येतं. नावं आणि फोन नंबर ज्या कामाला लागत नाहीत त्या कामासाठी घेऊच नका.

बोलताना अविश्वासाचा सूर नको. अधिकारी आज चांगले आहेतच, पण त्यांची बदली होते आणि तोंडी दिलेला शब्द त्यांच्याबरोबर जातो. कागद एकदा दप्तरात गेला की तो कोण, कधी, कशासाठी बाहेर काढेल यावर त्यांचाही ताबा राहत नाही. हे असंच्या असं सांगितलंत तर कुणी दुखावणार नाही.

प्रतिसाद

वरचं पटलं, पण दुसरी बाजूही पाहा. उद्या पुनर्वसनाचा प्रश्न आला तर ‘आम्ही इथे राहत होतो’ हे दाखवायला हेच सर्वेक्षण रहिवाशांच्या कामी येऊ शकतं. ते नष्ट केलंत किंवा महाविद्यालयाच्या कपाटात ठेवलंत तर त्यांचा पुरावा गेला. म्हणून प्रत्येक घराला त्याच्या फॉर्मची प्रत द्या, आणि वस्तीच्या नकाशाची एक प्रत वस्तीतच राहू द्या. नैरोबीच्या किबेरामध्ये २००९ साली तिथल्या तरुणांनी स्वतः जीपीएस घेऊन वस्तीचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन नकाशावर, चढवला, त्यात माहिती गोळा करणारे हात वस्तीतलेच होते. तुमच्याकडेही दोन-तीन जण तयार करा.

शेरी आर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासकाने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मत विचारणं ही त्यातली चौथी, भागीदारी सहावी. नकाशा अंथरून खुणा घेतल्या तिथे तुम्ही चौथीवर आहात. कागदाचं काय करायचं हे ठरवताना त्या आजी आणि शेजारीपाजारी बैठकीत असतील, आणि त्यांच्या ‘नाही’ला किंमत असेल, तर पुढची वाट आहे.

सत्राच्या मुदतीबद्दल: ओरेगन विद्यापीठाने २००९ मध्ये एक पद्धत सुरू केली. पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी एक शहर निवडायचं आणि वेगवेगळ्या विभागांचे अभ्यासक्रम त्या शहराच्या कामाला जोडायचे. एकाच वर्गाच्या एकाच सत्रावर सगळा भार येत नाही. तुमच्या मार्गदर्शकांना विचारा, पुढची तुकडी हीच वस्ती घेईल का? तसं असेल तर हे लोकांना आत्ताच सांगा. नसेल तर तेही आत्ताच सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फॉर्मची प्रत घरोघरी देण्याचं डोक्यातच नव्हतं. मार्गदर्शकांशी बोलले. पुरवणी पत्राला ते तयार आहेत, विभागाची वेळ मागितली आहे, आणि वस्तीतल्या दोघांनी सोबत यावं असं आम्ही सुचवलंय. तोपर्यंत घरनिहाय फॉर्म भरणं थांबवलं आहे, नकाशाचं काम चालू ठेवतोय.

एक अडलंय. फॉर्मची प्रत घरी दिली आणि त्यात भाडेकरू असल्याची नोंद असली, तर ती मालकाच्या हाती लागून भाडेकरूलाच त्रास होऊ शकतो. एका खोलीत दोन कुटुंबं असतील तिथे प्रत कुणाच्या हातात द्यायची? कुणी हे हाताळलं असेल तर कसं केलंत ते लिहा, पुरवणी पत्राचा मसुदा असेल तर तोही चालेल.