पंप आहे, पण झडप गळतेय. मांडीतून नवी बसवावी का?

अनवाणी
मोठ्या भावाला तीन वर्षांपूर्वी एलव्हॅड बसवला, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडलेला पंप. आता त्याची महाधमनीची झडप गळतेय. पंपाच्या पडद्यावर प्रवाहाचा आकडा झकास, आणि भाऊ मात्र एका जिन्यात तीनदा थांबतो. पंपाने वर ढकललेलं रक्त गळक्या झडपेतून परत खाली उतरतं आणि पंप तेच तेच रक्त फिरवत बसतो. आता टावीचा, म्हणजे मांडीच्या धमनीतून नळी सरकवून झडप बसवायचा पर्याय पुढे आलाय. माझं मत सरळ आहे: एकदा चिरलेली छाती पुन्हा चिरू नये. कुणाला ही घाई वाटत असेल तर बोला.

तिरकस
मला वाटते. 2002 साली फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी पहिली टावी केली, ती कॅल्शियम साचून आखडलेल्या झडपेसाठी. त्या टणक कडेतच नवी झडप घट्ट रुतते. पंपवाल्यांची झडप बहुतेक वेळा मऊ असते, रुतायला जागाच नाही. वर पंपाची ओढ खाली, कप्प्याकडे. झडप निसटली की जी छाती वाचवायची होती तीच धावपळीत उघडायची! निसटू नये म्हणून मोठ्या मापाची बसवतात म्हणे. मग हृदयाच्या विद्युतमार्गावर दाब येऊन पेसमेकर लागू शकतो, तो हिशोब कोण मांडणार?

रात्रपाळी
तिरकस, तुमचा मुद्दा जुन्या झडपांना लागू आहे. गळतीसाठीच बनवलेल्या झडपा आल्यात. जेनाव्हॉल्व्हची ट्रिलॉजी रुग्णाच्या स्वतःच्या झडपेच्या पाकळ्यांना चिमटे लावून बसते, तिला कॅल्शियम लागत नाही. युरोपात 2021 पासून मान्यता आहे. आणि दुसऱ्यांदा छाती उघडणं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. पंपाकडून महाधमनीकडे जाणारी नळी उरोस्थीच्या मागेच कुठेतरी असते, आजूबाजूला सगळं चिकटलेलं, त्यात करवत चालवायची. रुग्ण आधीच वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर. तोही काही खात्रीचा मार्ग नव्हे.

तिरकस
चिमट्यांचं मान्य. पण पंपवाल्यांची झडप कित्येकदा उघडतच नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून जातात. नवी झडपही तशीच मिटून राहिली तर तिच्यावर गुठळी होणार नाही कशावरून? त्यापेक्षा शस्त्रक्रियेने झडप मधोमध शिवून टाकणं सोपं, गळतीचा प्रश्नच मिटतो.

रात्रपाळी
आणि पंप बंद पडला तर? पूर्ण शिवलेल्या झडपेतून रक्ताने जायचं कुठून? झडप जिवंत असेल तर निदान स्वतःच्या हृदयाला थोडी वाट राहते.

तिरकस
मधोमध म्हटलं मी, पूर्ण नव्हे. कडेने वाट राहते.

इकोवाली
दोघेही थेट झडपेवर पोचलात. अनवाणी, भावाच्या पंपाचा वेग शेवटचा कधी तपासला? वेग जास्त असला की कप्प्यात झडप उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. ती सतत मिटलेली राहते, वरून महाधमनीचा दाब तिच्यावर अखंड पडतो आणि गळती वाढते. मग दम लागतो म्हणून वेग आणखी वाढवतात, की आणखी गळती. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघत बघत वेग एकेक पायरी खाली आणला तर काहींची झडप अधूनमधून उघडू लागते. रक्तदाबही बघा. पंपामुळे नाडी नीट लागत नाही म्हणून नेहमीच्या यंत्रावर भरवसा नको, डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने घ्यायला सांगा. अर्थात गळती फार पुढे गेली असेल तर एवढ्याने भागणार नाही. तिथे मी रात्रपाळीच्या बाजूने.

अनवाणी
वेग दोन महिन्यांपूर्वी वाढवला होता. दम लागतो म्हणूनच! हे कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. शुक्रवारी इको आहे, तिथे आधी हेच विचारतो. टावीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

तिरकस
असू द्या. पण करायचीच ठरली तर किती पंपवाल्यांना त्यांनी स्वतः बसवलीय ते विचारा, आणि निसटली तर टेबलावर पुढचं काय ठरलंय तेही.