मदत हवी आहे : भावाला मातीतून मॅटवर न्यावं का?

रानवाट : धाकटा भाऊ दहावीपासून कोल्हापुरात तालमीत आहे. जत्रेच्या मैदानांत बऱ्यापैकी कुस्त्या मारतो. वस्ताद म्हणतात, अजून दोन हंगाम माती करू दे, नाव होईल. पुण्यातले एक कोच म्हणतात, आत्ताच मॅटवर आणा. खुराकाचे पैसे मी देतो आणि घरचे नोकरीचं विचारून डोकं खातात. रविवारी वस्तादांना सांगायचंय. माती की मॅट, एवढंच सांगा.

भीमाकाठ : वय? वजन?

तांबडा_पांढरा : मातीच! शाहू महाराजांनी खासबाग मैदान काय पॉइंट मोजायला बांधलं का? पाठ लागली, विषय संपला.

भीमाकाठ : खाशाबा जाधव पण मातीतलेच होते की. १९४८ ला लंडनला सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं. दोन्ही वेळा गादीवर, म्हणजे मॅटवरच. वजन सांगा हो कुणीतरी.

रानवाट : १९ वर्षं, ६८ किलो. आता सांगा.

सातासमुद्रापार : डब्ल्यूडब्ल्यूईचा विचार केलाय का? खली २००७ ला वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. जालंधरला त्याची अकादमी आहे.

रानवाट : ६८ किलो लिहिलंय वर.

गादीवाला : मग तर मॅटच. महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोचा, तिथं हा बसत नाही. मैदानात मोठं इनाम पण वजनदार जोडीलाच लागतं. मॅटवर ६५ आणि ७४ हे दोन्ही ऑलिंपिकचे गट आहेत. पैलवान राहुल आवारे हलक्या वजनाचाच. २०१८ ला राष्ट्रकुलात ५७ किलोत सुवर्ण, पुढच्या वर्षी ६१ किलोत जागतिक कांस्य, आणि पोलीस उपअधीक्षक पण झाला.
पण सवय मोडायला वेळ लागतो. मातीतला पोरगा खाली गेला की पोटावर घट्ट पडून दम खातो. मैदानात चालतं ते. मॅटवर खाली घेतल्याचे दोन गुण गेलेले असतात, त्यात समोरच्यानं भारंदाज लावून, म्हणजे कमरेला विळखा घालून, चारदा फिरवला की प्रत्येकी दोन गुण, दहाचा फरक आणि कुस्ती खलास. तुमचा भाऊ खाली गेल्यावर काय करतो?

रानवाट : तो खाली जातच नाही. एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडायचा डाव, हुकमी आहे त्याचा. नोकरीचं कुणी बोलेल का?

फाइलबाज : सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, त्याची पडताळणी होते. जत्रेतली गदा शोकेसमध्येच राहते.

तांबडा_पांढरा : गदेला नावं ठेवू नका. गावात मान त्यामुळंच आहे.

फाइलबाज : मानावर बदाम मिळतात का किलोभर?

तांबडा_पांढरा : आमच्याकडं मिळतात. थंडाई दगडी कुंडीत घोटलेलीच पाहिजे, मिक्सरची अंगी लागत नाही.

गादीवाला : काहीही. आमची पोरं मिक्सरचीच पितात.

रानवाट : थंडाईचा वेगळा धागा काढा ना! मॅटवर न्यायचं तर किती महिन्यांत जमेल ते सांगा. तसा तयार आहे तो. उजव्या गुडघ्याला तेवढी पट्टी बांधून खेळतो.

भीमाकाठ : हे आत्ता सांगताय? कधीपासून? एमआरआय केलाय का? पट काढताना टेकतो तोच गुडघा का?