‘सुखनिवास – फक्त महत्त्वाचे मेसेज’: रविवारची रात्र, कबड्डीची बंदी आणि टँकर

वैशाली मोहिते (बी-४०२): नमस्कार. हा ग्रुप असल्या गोष्टींसाठी नाही हे माहीत आहे, तरी लिहिते. सोहमच्या कॉलेजच्या कबड्डी संघावर दोन वर्षांची बंदी आली. सिल्व्हर मेडलंही परत मागितलीत. कारण सगळ्यांना माहीत आहे, गणपतीत बोलणं झालंच होतं. चूक एका मुलाची आणि घरी बसायचं अकराजणांनी. सोहमचं पुढचं वर्ष शेवटचं. विद्यापीठात कोणाची ओळख असेल तर पर्सनलवर कळवा प्लीज.

शिंदे (सेक्रेटरी): वाईट वाटलं मॅडम 🙏 उद्या टँकर ११ ऐवजी ७ ला येईल. गेटसमोर गाड्या नकोत.

मंदार (बी-२०१): त्या टँकरवर पण दोन वर्षं बंदी घाला. निम्मा रस्त्यावर सांडतो.

गोडबोले (ए-१०१): वैशालीताई, सहानुभूती आहे. पण नियम म्हणजे नियम. पंचविशीच्या पुढचा, २७ वर्षांचा गडी धाकट्या भावाच्या कागदांवर खेळवला, तर संघ बाद होणारच. तो समोरच्या अठरा वर्षांच्या पोराच्या अंगावर पडला असता तर? त्याच्या आईने कोणत्या ग्रुपवर लिहायचं?

पाटणकर (ए-३०३): एक साधा प्रश्न. पात्रता अर्जावर सह्या कोणाच्या होत्या?

वैशाली मोहिते (बी-४०२): गोडबोलेकाका, सामना रद्द करा, मेडल काढून घ्या, आम्ही हूं की चूं केलं नाही. पण पुढची दोन वर्षं कशासाठी? तो मुलगा तर कॉलेज सोडून गेला. आता कुठेतरी कंपनीच्या संघात खेळतोय म्हणे.

इक्बाल शेख (बी-१०३): भाभी, हे आजचं नाही. माझ्या वेळेला पण ‘खेळापुरती ॲडमिशन’ असायची. सप्टेंबरात एक दांडगा यायचा, जानेवारीत गायब. वर्गात कोणी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. सरांना ढाल पाहिजे, प्राचार्यांना पेपरात फोटो पाहिजे. आम्ही पोरं गप्प, कारण तो चढाईला गेला की चार गुण घेऊन यायचा.

मंदार (बी-२०१): इक्बालभाई, तुम्ही तोच दांडगा होतात का? खरं सांगा, भाभींना सांगणार नाही.

इक्बाल शेख (बी-१०३): मी डावा कोपरा. वजन ६२ किलो. हसू नका.

देशमुख (सी-७०४): आमच्याकडे डॅलसला

देशमुख (सी-७०४): चुकून गेला. लिहितोय.

मंदार (बी-२०१): आला रे आला, डॅलस आला 😄

गोडबोले (ए-१०१): शिस्त म्हटली की सगळ्यांना टोचते. गडी उतरवायच्या आधी विचार करायचा.

पाटणकर (ए-३०३): पात्रता अर्जावर सह्या कोणाच्या?

मीनल (बी-३०४): गोडबोलेकाका, शिस्तीचा विषय निघालाच आहे म्हणून. मे महिन्यात तुमच्या गाडीची काच फुटली. बॉल कोणी मारला ते सगळ्या बिल्डिंगला माहीत. तरी पार्किंगमधलं क्रिकेट सरसकट बंद, दिवाळीपर्यंत. माझा ईशान त्या दिवशी साताऱ्याला आजोळी होता.

गोडबोले (ए-१०१): तो कमिटीचा ठराव होता. माझा वैयक्तिक नाही. काचेचे ८,४०० मात्र वैयक्तिक गेले.

मीनल (बी-३०४): ठरावाला सूचक कोण होतं?

शिंदे (सेक्रेटरी): कृपया जुने विषय नकोत. टँकर सकाळी ७.

देशमुख (सी-७०४): डॅलसला मुलीच्या घरापासून पंधरा मिनिटांवर सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी आहे. मी रोज तिथे फिरायला जायचो. त्यांच्या फुटबॉल संघातल्या खेळाडूंना पैसेवाले माजी विद्यार्थी लपूनछपून पैसे द्यायचे. आधी शिक्षा झाली होती, तरी चालूच. शेवटी १९८७ चा अख्खा हंगाम रद्द. १९८८ ला कॉलेजनेच संघ उतरवला नाही. तिकडे त्याला ‘डेथ पेनल्टी’, म्हणजे फाशीच म्हणतात. नंतर मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यात, त्याला ते बोल म्हणतात, पोचायला त्यांना २००९ उजाडलं. तेव्हाची पोरं आता आजोबा झाली असतील.

मंदार (बी-२०१): काका, हे बूट घालून हाताने खेळतात तेच फुटबॉल ना?

देशमुख (सी-७०४): हो तेच. पुढे ऐका. हे पैसे चालू ठेवायला मंजुरी देणाऱ्यांत युनिव्हर्सिटीच्या मंडळाचे अध्यक्ष होते, बिल क्लेमेंट्स. ते बाहेर आलं तेव्हा हे गृहस्थ टेक्सासचे गव्हर्नर. आणि मुदत संपेपर्यंत गव्हर्नरच राहिले.

गोडबोले (ए-१०१): म्हणजे तिकडेही कडक शिक्षा करतात. माझाच मुद्दा.

मीनल (बी-३०४): काका, शेवटची दोन वाक्यं परत वाचा.

देशमुख (सी-७०४): एक गोष्ट मात्र त्यांनी बरी केली. त्या संघातल्या पोरांना दुसऱ्या कॉलेजात जाऊन लगेच खेळायची मुभा दिली. एरवी वर्षभर बाहेर बसावं लागायचं. इतर कॉलेजांचे कोच विमानाने पोरं न्यायला आले होते.

वैशाली मोहिते (बी-४०२): आमच्याकडे विमान राहू दे, मायग्रेशनचा कागद मिळत नाही. मी चौकशी केली. शेवटच्या वर्षाला कोणी घेत नाही. घेतलं तरी ‘त्या संघातला का?’ हा प्रश्न आहेच.

सायली (सी-५०२): ताई, मी पोहायचे तेव्हा डोपिंगवाले एकच सांगायचे: तुझ्या अंगात जे सापडेल त्याला जबाबदार तू. हेतू काय होता ते नंतर. ते कडक आहे, पण निदान माझं पाप माझ्यापाशी. माझ्या गोळीसाठी रिलेतल्या बाकीच्या तिघींचं मेडल जातं ते मला तेव्हाही पटत नव्हतं, पण त्यांना पुढची दोन वर्षं घरी नाही बसवत.

मंदार (बी-२०१): आणि मोठ्यांना मोजणी वेगळी. २०१९ ला पृथ्वी शॉ. खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटालिन, बंदी असलेलं द्रव्य, अंगात सापडलं, बीसीसीआयने आठ महिने दिले. आदेश निघाला जुलैअखेर, मोजले १६ मार्चपासून. म्हणजे साडेतीन महिन्यांत पोरगा मोकळा.

सायली (सी-५०२): ती सवलत तेव्हा नियमातच होती मंदार. चूक लगेच कबूल केली की तारीख मागे नेता यायची. आणि तो तेव्हा १९ चा होता. मला त्यात वावगं वाटत नाही.

मंदार (बी-२०१): मग सोहमची तारीख पण मागे न्या. २०१२ पासून मोजा. तेव्हा तो पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरवर बोनस लाईन आखायचा.

इक्बाल शेख (बी-१०३): २०२५ ची महाराष्ट्र केसरी आठवते? अहिल्यानगरला? शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. निर्णय चूक का बरोबर यावर आमच्या तालमीत अजून भांडणं होतात, पण लाथ ती लाथ. तीन वर्षं निलंबन. महेंद्र गायकवाडलाही तीन. पण ज्याचं त्याच्या अंगावर! त्यांच्या तालमीतल्या पोरांना कोणी आखाड्याबाहेर नाही काढलं.

गोडबोले (ए-१०१): कुस्ती एकट्याची. कबड्डी संघाची. संघ म्हणून जिंकता, तर संघ म्हणून भोगा.

मीनल (बी-३०४): आणि पार्किंग?

गोडबोले (ए-१०१): मीनलताई, आपण समोरासमोर बोलू. मी आजवर तुमच्या घरच्या गच्चीवरच्या कुंड्यांबद्दल एक शब्द काढलेला नाही.

मीनल (बी-३०४): आत्ता काढलात.

पाटणकर (ए-३०३): मी चौतीस वर्षं लेखापरीक्षणात काढली. कागद कोणी तपासला हे कळल्याशिवाय चोर कळत नाही. पात्रता अर्जावर सह्या कोणाच्या?

देशमुख (सी-७०४): अजून एक. रेजी बुश नावाचा फुटबॉल खेळाडू, लॉस एंजेलिसच्या यूएससी युनिव्हर्सिटीचा. त्याच्या घरच्यांनी एजंटांकडून पैसे घेतले. २०१० ला संघाला दोन वर्षं बोल सामने बंद, तीस शिष्यवृत्त्या कापल्या. तोपर्यंत बुश कधीच व्यावसायिक संघात गेलेला. आणि कोच पीट कॅरल निकालाच्या पाच महिने आधी सिॲटलच्या व्यावसायिक संघात रुजू! तिकडे २०१४ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक संघांचा अंतिम सामनाही जिंकला. शिक्षा कोणी भोगली? जी पोरं तेव्हा शाळेत होती त्यांनी.

वैशाली मोहिते (बी-४०२): देशमुखकाका, पहिल्यांदाच तुमचं डॅलस कामाला आलं. आमच्या जिमखान्याच्या सरांना फक्त ‘समज’ दिली आहे. एका पानाचं पत्र. यंदा त्यांच्याकडे व्हॉलीबॉल दिलाय.

मंदार (बी-२०१): म्हणजे पुढची बंदी व्हॉलीबॉलवर.

देशमुख (सी-७०४): आता त्यांचंही डोकं ठिकाणावर आलंय. २०२३ ला टेनेसीच्या युनिव्हर्सिटीत दोनशेच्या वर नियमभंग सापडले. तरी बोल बंदी नाही. ८० लाख डॉलर दंड संस्थेला, बंदी कोचला. नव्या पोरांचे मोठे सामने बंद केले नाहीत. बुशची तेव्हा गेलेली हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची, तीही २०२४ मध्ये परत दिली, कारण आता खेळाडूंनी जाहिरातीचे पैसे घेणं २०२१ पासून उघड चालतं.

गोडबोले (ए-१०१): ८० लाख डॉलर भरणाऱ्याला दंड परवडतो. आपल्या कॉलेजला पाच हजार दंड करा, फीमध्ये ‘क्रीडा शुल्क’ म्हणून परत तुमच्याकडूनच घेतील. बंदीशिवाय इथे कोणाला भीती नाही. कडू आहे, पण खरं आहे. आणि ज्यांना यांनी सेमीफायनलला हरवलं, त्या पोरांचंही वर्ष गेलंच की. त्यांच्यासाठी कोणी लिहीत नाही.

इक्बाल शेख (बी-१०३): हे मात्र बरोबर बोललात गोडबोले साहेब.

शिंदे (सेक्रेटरी): टँकर ७ ला. ए विंगची पांढरी गाडी अजून गेटसमोर आहे.

पाटणकर (ए-३०३): सह्या कोणाच्या?

वैशाली मोहिते (बी-४०२): पाटणकरकाका, मी सोहम. आईच्या फोनवरून लिहितोय, ती देवळात गेलीय. अर्जावर तीन सह्या असतात. प्राचार्य, जिमखान्याचे सर आणि कॅप्टन. कॅप्टन मी होतो. मला माहीत होतं. सर म्हणाले, सही कर, बाकी मी बघतो. बाकीच्यांपैकी कोणाला माहीत नव्हतं, त्यात दोघं फर्स्ट इयरचे आहेत. एकाला पोलीस भरतीला खेळाडू कोट्यातून बसायचं होतं, त्याचं सर्टिफिकेट गेलं. त्याच्या घरी मी अजून गेलेलो नाही.

वैशाली मोहिते (बी-४०२): गोडबोले आजोबा, तो २६ चा होता, २७ चा नाही. पण तुमचं बरोबर आहे, समोरच्या पोराचा खांदा दुखावला होता.

मंदार (बी-२०१): 🙏

इक्बाल शेख (बी-१०३): बेटा, उद्या टँकर गेल्यावर खाली ये. त्या दहा जणांसाठी अर्ज लिहू. तुझं नाव वगळून. चालेल?

वैशाली मोहिते (बी-४०२): चालेल काका.

गोडबोले (ए-१०१): मसुदा मला दाखवा. विद्यापीठाला मराठी नीट लागते.

वैशाली मोहिते (बी-४०२): वरचे मेसेज माझ्या अनुपस्थितीत गेले आहेत. सगळ्यांनी कृपया डिलीट करावेत. शिंदे साहेब, ॲडमिन म्हणून तुम्ही काढू शकता का?

शिंदे (सेक्रेटरी): मॅडम बघतो. ती पांढरी गाडी कोणाची आहे?

गोडबोले (ए-१०१): माझी. काढतो.

पाटणकर (ए-३०३): डिलीट करू नका. सोहम, एक सही झाली. अर्ज लिहाल त्यात उरलेल्या दोघांना कलम लावून विचारा. कोणतं कलम ते मी उद्या सांगतो, सकाळी ७ ला खालीच आहे.