मुलांना वाचायला बसवायचं की वाचून दाखवायचं?

मालवणची आई

माझी मुलगी दुसरीत आहे. पहिलीत असताना तिच्यासाठी डझनभर गोष्टींची पुस्तकं आणली आणि नियम केला, जेवणाआधी रोज एक पान मोठ्याने वाचायचं. महिन्याभरात पुस्तक हातात घेतलं की तिच्या पोटात दुखायला लागलं. खोटं नव्हतं ते, डोळ्यांत पाणी असायचं. मी शेजारी बसून चुका मोजत होते, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या जुलैत दोन दिवस लाईट नव्हती. बॅटरीच्या उजेडात मीच तिचं एक पुस्तक उघडून वाचायला लागले. ती चटईवरून सरकत सरकत आली आणि माझ्या दंडाला टेकली. मी पान उलटणार तेवढ्यात बोट ठेवून थांबवलं. चित्रातल्या पडवीत कोंबड्या किती आहेत ते तिला मोजायचं होतं. तेव्हापासून रोज रात्री वाचून दाखवते. मध्ये काही विचारत नाही, 'यावरून काय शिकलीस' हे तर नाहीच. आता पुस्तक तीच निवडते. एकच गोष्ट सलग नऊ रात्री झाली, होऊ दे.

माझं ठाम मत आहे, सात-आठ वर्षांपर्यंत घरात मुलाला वाचायला लावूच नये. आपण वाचून दाखवावं.

राजापूरचे गुरुजी

ताई, वाचून दाखवता ते उत्तमच. पण 'लावूच नये' याला माझा विरोध आहे. बोलणं मूल आपोआप शिकतं, वाचणं शिकवावं लागतं. आपली लिपी सोपी आहे असं आपण म्हणतो, कारण आपल्याला ती येते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारायची नंतर. 'सूर्य' मध्ये रफार 'य'च्या डोक्यावर, पण 'र' म्हणायचा आधी. हे डोळ्यांत बसायला सराव लागतो. तिसरीत येऊनही जोडाक्षराला अडणारी मुलं मी दरवर्षी बघतो. गोष्टी त्यांना खूप आवडतात, पण अडखळत वाचताना वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अशा मुलाला गोडी कुठून लागणार?

मालवणची आई

गुरुजी, सराव शाळेत होऊ दे की. घरीही शाळाच भरवली तर तिनं जायचं कुठे?

राजापूरचे गुरुजी

एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला वाचायला किती मिनिटं येत असतील? घरी पानभर नको, दोन ओळी. तुमची दोन, तिची दोन. अडली तर शब्द लगेच सांगून टाकायचा, ताटकळत ठेवायचं नाही.

देवगडची आजी

माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. पुस्तकाचा एवढा अट्टहास कशाला? दशावतारात राजा, राक्षस, नारद संवाद लिहून आणत नाहीत, उभ्या जागी रचून बोलतात. रात्रभर. आम्ही देवळासमोर गोणपाटावर बसून ती भाषा ऐकली. आमच्या घरात पंचांगाशिवाय छापील कागद नव्हता, पण सासूबाई एकच गोष्ट दहा तऱ्हांनी सांगायच्या. पोरांना गोष्ट हवी असते. ती तोंडानं सांगा, त्यांच्या डोळ्यांत बघून.

सावंतवाडीकर

आजी, गोष्टी सांगणारं माणूस घरात असलं तर तुमचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे आम्ही दोघंच, दोघंही नोकरीला. मला चार गोष्टी येतात, त्या आठवड्यात संपल्या. मग पुस्तकंच आमची आजी झाली.

आणखी एक अडचण कोणी बोललं नाही. आमचं घर मालवणी बोलतं, पुस्तक प्रमाण मराठी बोलतं. मुलगा विचारतो, 'आये, हो कोल्हो खंय गेलो?' आणि पुस्तकात 'कोल्हा कुठे गेला?' सुरुवातीला त्याला ती दुसऱ्याच कोणाची तरी भाषा वाटायची. मी वाक्य आहे तसं वाचते आणि मग तेच मालवणीत सांगते. दोन-तीन महिन्यांनी तो स्वतःच उलटं करून दाखवायला लागला. काहीजण म्हणतात, अशानं प्रमाण भाषा कच्ची राहते. माझा अनुभव तसा नाही. घरच्या भाषेला कमी लेखलं की मूल पुस्तकापासूनच दूर जातं.

देवगडची आजी

ह्यां माका पटलां.

रत्नागिरीचा बाबा

पण पुस्तकं आणायची कुठून? रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे, इथे आमची सोय होते. आतल्या वाड्यांतून एसटीनं येणाऱ्याची होत नाही. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते ती वेगळीच. आम्ही ती माळ्यावर न ठेवता माजघरात उघड्या फळीवर ठेवतो आणि उघडीप मिळाली की पडवीत वारा देतो. मुलाचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर फळी मारली आहे, हे महत्त्वाचं. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मी मोबाईल मुलाच्या हातात देत नाही, निवडक पानं छापून आणतो.

हर्णैचा नाखवा

मी आठवी पास. अडखळत वाचतो म्हणून मुलासमोर पुस्तक धरायची लाज वाटायची. हंगामात मी घरी कमीच असतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोट शाकारून ठेवलेली. दिवसा जाळी दुरुस्त करतो, रात्री पोराबरोबर वाचायला बसतो. ताई, मी वाचून दाखवतो म्हणणं खोटं होईल, आम्ही दोघं मिळून वाचतो. मी अडलो की तो सांगतो आणि त्याची छाती फुगते. त्याला गोडी लागली ती बहुतेक त्यामुळेच.

गुरुजी, एक विचारायचं होतं. पुस्तकात 'डोंगरदऱ्या' होतं. पोरानं 'दर्या' वाचलं आणि विचारलं, डोंगरात समुद्र कसा? मला सांगता आलं नाही.

राजापूरचे गुरुजी

नाखवा, फार चांगला प्रश्न विचारला पोरानं. आपल्या दर्यावर रफार आहे, तो म्हणताना 'द'वर जोर येतो. डोंगरातल्या दऱ्यांना अर्धा चंद्र टेकल्यासारखा 'ऱ' आहे, तिथे जोर नाही. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून घ्या, त्याच्या कानाला फरक लगेच कळेल. तसंच 'पुढच्या वाऱ्या' आणि 'सुटलेल्या वाऱ्याचा' यांत जोर येतो का, तेही त्यालाच शोधायला सांगा.

मालवणची आई

गुरुजी, हे दर्या-दऱ्या आज रात्री मीही तिला विचारणार आहे. तिनं स्वतःहून वाचून बघितलं तर 'लावूच नये' हे माझे शब्द मी मागे घेईन. वाचून दाखवणं मात्र सोडणार नाही, ती आठवीत गेली तरी.