रनरिगने 1997 मध्येच थांबायला हवं होतं का?

उत्तरवारा

स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा रनरिग हा गेलिक (स्कॉटलंडची जुनी भाषा) रॉक बँड 1973 ते 2018 अशी 45 वर्षं वाजत राहिला. माझ्या मते त्याची खरी कारकीर्द 24 वर्षांची. 1997 मध्ये गायक डॉनी मन्रो बाहेर पडले तिथे ती संपली. पुढची 21 वर्षं त्या नावाने दुसराच बँड फिरत होता.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोरी आणि कॅलम मॅकडोनल्ड हे भाऊ आणि अकॉर्डियनवाले ब्लेअर डग्लस यांनी हा बँड सुरू केला. तेव्हा त्याचं स्वरूप समारंभात नाचासाठी वाजवणाऱ्या बँडचं होतं. मन्रो 1974 मध्ये आले. 1978 चा पहिला अल्बम 'प्ले गेलिक' संपूर्ण गेलिकमध्ये. 1979 पासून स्वतःचं लेबल, रिज रेकॉर्ड्स. 1987 च्या 'द कटर अँड द क्लॅन'नंतर क्रिसलिस या मोठ्या कंपनीशी करार झाला. 'द बिग व्हील' (1991) ब्रिटिश विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर, 'अमेझिंग थिंग्ज' (1993) दुसऱ्या. 1995 मध्ये त्यांचं एक गेलिक गाणं 18 व्या क्रमांकावर गेलं. त्याआधी स्कॉटिश गेलिकमधलं एकही गाणं पहिल्या विसात आलेलं नव्हतं.

मग मन्रो राजकारणात गेले. 1997 ला मजूर पक्षातर्फे उभे राहिले आणि चार्ल्स केनेडींकडून हरले. 1998 मध्ये कॅनडातल्या केप ब्रेटनचे ब्रूस गथ्रो आले. गायक उत्तम, यात वाद नाही. पण गेलिक ही त्यांची बोलीभाषा नव्हती. एक भाषा लोकांच्या कानावर पडत राहावी म्हणून ओळखला गेलेला बँड ती भाषा न बोलणाऱ्या माणसाला मधल्या माइकसमोर उभं करतो, तेव्हा त्याचा कणाच बदलतो.

ओवी

साफ असहमत. कणा गायक नव्हता, गाणी होती. ती लिहिणारे कॅलम आणि रोरी पहिल्या दिवसापासून शेवटच्या रात्रीपर्यंत तिथेच होते. गथ्रोंच्या काळात गेलिक गाण्यांचा मुख्य आवाज बऱ्याचदा रोरींचा असे, म्हणजे गीतकाराचा स्वतःचा, आणि तो त्याच मातीतला. भाषा मंचावरून गेली नाही, मधल्या माइकवरून बाजूच्या माइकवर सरकली.

आणि केप ब्रेटन परकं कसं? हायलँड्समधून, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून उठवलेली, देशोधडीला लागलेली कुटुंबं 18 व्या-19 व्या शतकात तिथेच जाऊन वसली. फिडल, नाच, गेलिक गाणी, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. रनरिगची निम्मी गाणी याच ताटातुटीबद्दल आहेत. तिथला माणूस ती गायला येतो ही मला उलट फार नेमकी गोष्ट वाटते.

14 पैकी 5 स्टुडिओ अल्बम गथ्रोंच्या काळातले. 'एव्हरीथिंग यू सी' (2007) डेन्मार्कमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. 'लॉक लोमंड'चं 2007 चं नवं ध्वनिमुद्रण ब्रिटिश यादीत नवव्या क्रमांकावर गेलं, मन्रोंच्या काळातल्या कुठल्याही एकल गाण्याच्या वर. 2003 मध्ये कोलंबिया अवकाशयान कोसळलं, त्यातल्या लॉरेल क्लार्क 'द स्टॅम्पिंग ग्राउंड'ची सीडी बरोबर घेऊन गेल्या होत्या. ती अवशेषांमध्ये सापडली. तो अल्बमही 2001 चा, गथ्रोंच्या आवाजातला.

उत्तरवारा

'लॉक लोमंड' पुरावा म्हणून चालणार नाही. मुळात ते पारंपरिक गाणं, रनरिगची मांडणी 1979 ची, आणि 2007 ला त्यामागे फुटबॉलचे चाहते आणि मदतनिधीचा कार्यक्रम होता. त्यावरून नंतरच्या लेखनाचा कस लागत नाही. डेन्मार्कचा मुद्दा मान्य.

काळी_पाच

दोघंही वाद्यांचा विचार न करता गायकाबद्दल बोलताय. ज्या बँडमध्ये हायलँड बॅगपाइप आहे (इथे माल्कम जोन्स, जे मुख्यतः गिटार वाजवतात), तिथे गायक बदलणं म्हणजे नेमकं काय, ते मांडतो.

पाइपच्या चँटरवर म्हणजे बोटांच्या नळीवर स्वर फक्त नऊ. सप्तक आपल्या खमाज थाटाचं: सगळे शुद्ध, निषाद कोमल. वर तीन ड्रोन, म्हणजे एकच स्वर देणाऱ्या नळ्या, अखंड षड्ज धरून, आपल्या तंबोऱ्यासारखे. फरक असा की हा तंबोरा पट्टीला जखडलेला आहे. पाइपवाले ज्याला 'ए' म्हणतात तो स्वर प्रत्यक्षात पेटीच्या काळी पाचला किंवा तिच्या वर वाजतो. काळी पाच म्हणजे 466 हर्ट्झ. स्पर्धेतले आधुनिक पाइप सहज 480 च्या आसपास असतात, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये. तिथे कीबोर्डचा एकही स्वर जुळत नाही. म्हणून रॉक बँडमध्ये 466 ला बांधलेला वेगळा चँटर लागतो, आणि गिटारवाला पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून 'ए'चे आकार धरतो.

आता गायकाचं बघा. साध्या गाण्यात नव्या गायकाला झेपत नसेल तर पट्टी दोन स्वर खाली आणता येते. पाइपच्या गाण्यात ती सोय नाही. पाइप खाली येत नाही, गायकालाच वर जावं लागतं. नाहीतर पाइपचा भाग कापून गिटारला द्यायचा, आणि मग गाण्याचा जीवच जातो. म्हणजे जुनी पाइपची गाणी घेऊन आलेल्या गायकाला आधीच्या गायकाच्या पट्टीत उभं राहावं लागतं. हे ज्याला जमतं तो 'दुसरा बँड' करत नसतो, त्याच साच्यात स्वतःला बसवत असतो.

खुल्या मैदानावर तर आणखी कठीण. हवा तापली की फुंकवाद्य चढतं, गणिताने अंशाला सुमारे 3 सेंट (शेजारच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). स्कॉटिश संध्याकाळी 10 अंश उतरले तर 30 सेंटचा फरक, आणि तो कानाला स्पष्ट टोचतो. शिवाय चँटर ड्रोनपेक्षा जास्त हलतो, त्यामुळे पाइप आपल्याशीच बेसूर होतो. उपाय ठरलेले: चँटरची रीड (आवाज देणारी पात) किंचित बाहेर ओढली की सगळे स्वर उतरतात, एखादाच चढलेला असेल तर त्या भोकाच्या वरच्या कडेवर चिकटपट्टी, ड्रोनच्या नळ्या लांबवल्या की ते खाली. हे सगळं पाइपचं गाणं येण्याआधी दोन गाण्यांच्या वेळात, मंचामागे, फुंकून गरम केलेल्या वाद्यावर करायचं. थंड पाइप तसाच उचलला तर पहिल्याच कडव्यात तो चढत जातो आणि गायक विनाकारण बेसूर वाटतो.

ध्वनिव्यवस्थेतही एक चूक नेहमीची. माइक नळीच्या तोंडाशी लावतात, पण आवाज बोटांच्या भोकांतून निघतो. एक माइक भोकांसमोर, दुसरा खांद्याच्या वर ड्रोनसाठी. पाइपला हळू-मोठं नसतं, तो एकाच जोराने वाजतो. त्यामुळे बाकी सगळ्यांना त्याच्याभोवती जागा करून द्यावी लागते, गायकाला सगळ्यात जास्त.

खलाशी

काळी_पाच यांचा प्रतिसाद मोलाचा. पण कारकीर्द टिकली ती हिशोबामुळेही. स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे 2011 च्या जनगणनेत सुमारे 57 हजार. एवढ्या श्रोत्यांवर सहा जणांचा बँड, ध्वनी आणि प्रकाशाची माणसं आणि एक ट्रक पोसला जात नाही. जर्मनी आणि डेन्मार्कमधले श्रोते होते म्हणून तो खर्च निघाला. ते श्रोते गेलिक समजून येत नव्हते. त्यांना इंग्रजी गाण्यांतून आत यायला दार मिळालं आणि मग ती गेलिक गाणीही तोंडपाठ म्हणू लागले.

आज कुणी तोच मार्ग धरला तर अडेल. 2021 पासून ब्रिटिश बँडला युरोपात 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा आहे. वाद्यं आणि सामान ट्रकमधून नेताना कार्नेची (सामान तात्पुरतं सीमेपार नेण्याच्या सीमाशुल्क कागदाची) यादी नगानगाने भरावी लागते, एक केबल कमी-जास्त झाली तरी सीमेवर अडकतात. 3.5 टनांच्या वरच्या ब्रिटिश ट्रकला युरोपात उतरल्यावर फार थोडे थांबे करता येतात, त्यामुळे लांब दौऱ्यासाठी गाडी युरोपातलीच भाड्याने घ्यावी लागते. जुन्या पाइपवर हस्तिदंताची कडी असेल तर तिचे कागद वेगळे. रनरिगने 2018 मध्ये थांबून हे सगळं टाळलं. पण उत्तरवारा म्हणतात तसं 1997 लाच थांबले असते, तर लहान भाषेचा बँड युरोपभर 20 वर्षं फिरू शकतो हे कुणी दाखवलंच नसतं.

चौथा_माळा

मग तुटण्याची तारीख 1988 धरा, मोठ्या कंपनीचा करार. इंग्रजी वाढली ती तिथून.

ओवी

1995 चं ते 18 व्या क्रमांकाचं गेलिक गाणं मोठ्या कंपनीच्या काळातलंच आहे. बिअरच्या जाहिरातीत वाजलं म्हणून वर गेलं हे खरं, पण गेलिकमध्येच गेलं. करार आणि भाषा यांचं नातं तुम्ही म्हणता तितकं सरळ नाही.

उत्तरवारा

पट्टीचा मुद्दा मला आधी सुचला नव्हता, तो मान्य करतो. 'दुसरा बँड' हा शब्द मागे घेतो. भाषेबद्दल मात्र माझं मत कायम आहे. रोरींनी गेलिक गाणी पेलली, पण ती कार्यक्रमाच्या मधल्या भागात, लोक बसतात तिथे. मन्रो गात तेव्हा तीच गाणी मैदान उसळवायला ठेवलेली असत.

काळी_पाच

हे ऐकून तपासता येतं. 'लॉक लोमंड' तीनदा उपलब्ध आहे: 1979 चं स्टुडिओतलं, 1988 च्या 'वन्स इन अ लाइफटाइम'मधलं प्रत्यक्ष कार्यक्रमाचं, आणि 2007 चं. पहिल्या दोन्हींत मन्रो, तिसऱ्यात गथ्रो. शब्द सोडा, फक्त ध्रुपदाच्या आधी गायक किती वेळ थांबतो आणि गर्दीला किती ओळी देतो ते मोजा. मग एखादं गेलिक गाणं घ्या, मन्रोंचं 1988 चं आणि रोरींचं 2000 नंतरचं, आणि तेच मोजा.

उत्तरवारा

मोजतो. दोन्हीकडचे आकडे इथेच टाकेन. ओवी, रोरींच्या बाजूचं गाणं तुम्ही निवडा.